ई-पीक पाहणी

शेतातील उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करून ती गाव नमुना १२ मध्ये (पहा : सातबारा उतारा) घेण्याची महाराष्ट्रातील संगणकप्रणाली.

टाटा ट्रस्टच्या साहाय्याने झालेल्या प्रायोगिक वापरानंतर ती १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. तोवर पाहणी तलाठी (पहा) करीत असे. कामाची नवी वाटणी हाच या प्रणालीच्या आराखड्याचा गाभा होय : शेतकरी गट क्रमांक, पीक व क्षेत्र भरतो आणि शेतात उभा राहून छायाचित्र काढतो, अक्षांश-रेखांश मोबाइल टिपतो, चूक ४८ तासांत सुधारता येते, निवडक नोंदी तलाठी पडताळतो. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, त्यामुळे स्मार्टफोन नसलेल्याला शेजाऱ्याची मदत घेता येते. ही सोय विशेष महत्त्वाची. संगणकप्रणालीचा आराखडा काम करणाऱ्यांच्या सहभागाने व्हावा, हा याच्याशी नाते सांगणारा विचार १९७० च्या दशकात नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगॉर यांनी धातुकामगार संघटनेसोबत राबविला (पहा : सहभागी आराखडा).

लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारख्या सोयाबीन-तुरीच्या तालुक्यात ही नोंद पीकविमा, नुकसानभरपाई व हमीभाव खरेदी (पहा) यांसाठी लागते. शेतकऱ्याकडून राहिलेल्या गटांची नोंद नेमलेल्या पीक पाहणी सहायकामार्फत केली जाते.