केशिकागुच्छ-विकारांचे सामूहिक संशोधन

वृक्कातील (मूत्रपिंडातील) रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांच्या झुबक्यांना केशिकागुच्छ म्हणतात. प्रत्येक वृक्कात असे सु. १० लक्ष गुच्छ असतात. त्यांच्या विकारांत मूत्रावाटे प्रथिन किंवा रक्त जाते, अंगावर सूज येते व काही प्रकारांत अखेरीस वृक्क निकामी होतात. हे विकार विरळ असून त्यांची वाटचाल वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे एकाच रुग्णालयातील अनुभवावरून, तो कितीही दीर्घ असला, तरी खात्रीचा निष्कर्ष काढता येत नाही. अनेक रुग्णालयांच्या सहकार्याने चालणारे संशोधन या अडचणीतूनच उद्‌भवले.

सूज व मूत्रातील प्रथिन यांचा वृक्कविकाराशी असलेला संबंध लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये दाखविला. त्यानंतर शतकभर या विकारांचे ज्ञान मुख्यतः शवविच्छेदनावर अवलंबून राहिले; म्हणजे वैद्याला रोगाची केवळ शेवटची अवस्था दिसे. कोपनहेगन येथील इव्हर्सन व ब्रून यांनी १९५१ मध्ये त्वचेतून सुई घालून जिवंत रुग्णाच्या वृक्काचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा ही स्थिती पालटली. मात्र निरनिराळ्या विकृतिवैज्ञानिकांनी एकाच चित्राला निरनिराळी नावे दिल्याने गोंधळही वाढला.

मुलांतील नेफ्रॉटिक लक्षणसमूहाच्या बाबतीत हा गोंधळ विशेष जाचक होता. प्रतिजैविके व कॉर्टिसोनवर्गीय औषधे येण्यापूर्वी यातील अनेक मुले संसर्गाने दगावत. औषधे आली, पण ती किती द्यावीत, किती काळ द्यावीत आणि कोणाला द्यावीत, याबद्दल प्रत्येक चिकित्सालयाचा परिपाठ वेगळा होता. या पार्श्वभूमीवर १९६७ मध्ये मुलांतील वृक्कविकारांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने रुग्णांची नोंदणी सुरू केली. न्यूयॉर्कचे हेन्री बार्नेट हे त्याच्या प्रवर्तकांपैकी एक होत. विकृतिवैज्ञानिक बाजू जेकब चर्ग, पॅरिसच्या रने आबीब व इंग्लंडचे रिचर्ड व्हाइट यांनी सांभाळली. पूर्वी उपचार न झालेल्या मुलांच्या वृक्काचा तुकडा आधी तपासावयाचा व मग सर्वांना ठरलेल्या मात्रेत प्रेडनिसोन द्यावयाचे, अशी योजना होती : शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौ. मी.ला रोज ६० मिग्रॅ. याप्रमाणे ४ आठवडे व नंतर ४० मिग्रॅ. प्रमाणे खंडित स्वरूपात आणखी ४ आठवडे.

एकूण ५२१ मुलांच्या तपासणीचा वृत्तांत १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सु. ७६ टक्के मुलांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच बदल दिसत नव्हता. १९८१ च्या वृत्तांतानुसार अशा ‘अल्पतम बदल’ प्रकारातील सु. ९३ टक्के मुलांनी प्रेडनिसोनला प्रतिसाद दिला. औषधाचा प्रतिसाद हाच निदानाचा विश्वसनीय निकष ठरू शकतो, हे यावरून स्पष्ट झाले. शेकडो मुलांना सुईची तपासणी सोसावी लागली, पण तिच्या फलितामुळेच पुढील पिढ्यांतील बहुसंख्य मुलांची ती तपासणी टळली. या कार्याचे सर्वांत मोठे श्रेय यातच आहे.

पाठपुरावा पुढेही चालू राहिला. अल्पतम बदल असलेल्या ३८९ मुलांपैकी १० मुले ५ ते १५ वर्षांच्या निरीक्षणकाळात मृत्यू पावली व त्यांत संसर्ग हे प्रमुख कारण होते, असे १९८४ मध्ये नमूद झाले. वारंवार उलटणारा हा विकार अनेकांत कालांतराने शमतो, हेही दीर्घ निरीक्षणाने कळले. आठ वर्षांनंतर सु. ८० टक्के मुले विकारमुक्त अवस्थेत आढळली.

औषधाची मात्रा मात्र प्रयोगाने नव्हे, तर तज्ञांच्या सहमतीने ठरली होती, हे विसरता येत नाही. पुढे पहिला उपचार लांबविल्यास विकार कमी वेळा उलटतो असे मानले जाऊ लागले व काही ठिकाणी तो ६ महिन्यांपर्यंत गेला. स्टेरॉइडांमुळे मुलांची वाढ खुंटते, रक्तदाब वाढतो. तेव्हा हा प्रश्न गौण नव्हता. भारतातील १८१ मुलांवरील बहुकेंद्री चाचणीत (२०१५) तीन महिन्यांऐवजी सहा महिने उपचार केल्याने विकाराच्या वाटचालीत फरक पडला नाही. त्याच वर्षीची जपानी व २०१९ मधील ब्रिटिश चाचणी यांचा निष्कर्षही उपचार लांबविण्याला अनुकूल नव्हता.

प्रौढांतील विकारांकडेही हीच पद्धत वळली. आयजीए वृक्कविकाराचे ऑक्सफर्ड वर्गीकरण (२००९) अनेक देशांतील २६५ रुग्णांच्या ऊतकांवरून तयार झाले. अमेरिकेतील नेपच्यून व क्युअरजीएन या प्रकल्पांत मुले व प्रौढ या दोहोंची ऊतके, रक्त व मूत्र यांचे नमुने जतन करून त्यांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली.