कामाठीपुरा, नागपाडा, मदनपुरा : व्हिक्टोरियाकालीन मुंबईतील दारिद्र्य आणि पोलीस

मुंबईचा बेलासिस रोड १७९३ साली बांधला गेला, तो सुरतेतून दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या गोरगरिबांच्या हातांनी. त्यांची मजुरी लोकवर्गणीतून दिली गेली आणि रस्त्याला नाव मिळाले काम करवून घेणाऱ्या मेजर जनरल बेलासिस यांचे. पुढच्या शंभर वर्षांत याच परिसरात कामाठीपुरा, नागपाडा आणि मदनपुरा हे कष्टकऱ्यांचे दाट मोहल्ले उभे राहिले. जमीन सखल होती. हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने समुद्र अडवल्यावर ती कोरडी झाली खरी, पण पावसाचे पाणी वाहून जायला उतारच नव्हता. कामाठीपुऱ्याला नाव मिळाले ते तेलुगू मुलखातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांमुळे.

पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. त्यानंतर कोकणातून आणि घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. १८७२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६ लाख ४४ हजार होती, १८९१ मध्ये ती ८ लाख २१ हजारांवर गेली. घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत. एका खोलीत गावकीचे दहा-बारा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. पगार महिना उलटून गेल्यावर हाती येई, त्यामुळे वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज सुटत नसे. विहारचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये शहरात आले, पण गटारे मागेच राहिली. घरांच्या मधल्या अरुंद हलालखोर (सफाईवाल्यांच्या) गल्ल्यांत सांडपाणी मुरत राही आणि खालच्या खोल्यांच्या भिंतींना बारमाही ओल असे.

मदनपुऱ्याची वस्ती वेगळ्या वाटेने आली. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे उतरले. काही मालेगावला मोसम नदीकाठी थांबले, काही भिवंडीला, तर काही थेट मुंबईत आले. मोसमच्या काठी जे माग लागले, त्याच बिरादरीचे माग मदनपुऱ्यातही खटखटत होते. एकाच खोलीत माग आणि संसार असल्यामुळे परक्या माणसाचे पाऊल घरात पडणे हा त्या कुटुंबांना फार मोठा आघात वाटे. पुढे १८९८ मध्ये मदनपुऱ्यात उसळलेल्या दंगलीचे मूळ बरेचसे इथे आहे.

शहराच्या पोलीस दलाला नवे रूप दिले ते चार्ल्स फोर्जेट यांनी. हिंदुस्थानातच वाढलेला हा अधिकारी इथल्या भाषा सफाईने बोले आणि वेषांतर करून वस्त्यांत फिरे. १८६४ मध्ये त्यांच्या जागी फ्रँक सूटर आले आणि १८८८ पर्यंत पोलीस कमिशनर राहिले. सूटर घडले ते नाशिक-नगरच्या डोंगरांत. तिथल्याच नांदूर शिंगोट्याचे भागोजी नाईक हे भिल्ल नगरच्या पोलिसांतच नोकरीला होते. दंग्याच्या आरोपाखाली त्यांना १८५५ मध्ये शिक्षा झाली आणि सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. त्यानंतर ते गाव सोडून साथीदारांसह डोंगरात गेले. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्यांच्याशी झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारले गेले. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरजवळ मिठसागर येथे सूटर यांच्या तुकडीने भागोजींना गाठून ठार केले.

जामिनाचे हेच हत्यार शहरातही चालले. उपजीविकेचे उघड साधन दाखवता न येणाऱ्या माणसाकडून वर्तणुकीचा जामीन घेण्याची तरतूद फौजदारी कायद्यात होती आणि जामीन न देणाऱ्याला तुरुंग. गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती. गिरणी बंद पडल्यावर किंवा गोदीत काम न मिळाल्यावर फुटपाथवर झोपणारा मजूर या तरतुदीत सहज बसे. त्याच्यासाठी जामीन राहणार कोण? भुरट्या चोरीला १८६४ च्या कायद्याने फटक्यांची शिक्षा होती. अल्पवयीन मुलांसाठी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुधारगृह निघाले. भुकेपोटी चोरी केलेल्या पोराला कैद्यांच्या संगतीत लोटू नये, हा विचार त्या काळात खरोखर मोलाचा होता.

कामाठीपुऱ्यातील वेश्यावस्तीवर १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने पोलिसांना आणखी हक्क दिले. सैनिकांचे आरोग्य राखण्यासाठी स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. मुंबईत ती १८७० मध्ये लागू झाली, १८७२ मध्ये थांबली, १८८० मध्ये पुन्हा आली आणि १८८८ मध्ये कायदाच रद्द झाला. तपासणी स्त्रियांचीच होई, त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांची नव्हे. हा अन्याय कायद्याच्या रचनेतच होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पोलिसांचे काम घराच्या उंबऱ्याच्या आत शिरले. रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचे हुकूम निघाले. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. लाखो लोक गावाकडे पळाले. १८९७ च्या साथरोग कायद्याने तपासणी पथकांचे अधिकार आणखी वाढवले. ९ मार्च १८९८ रोजी असे एक पथक मदनपुऱ्यात रिपन रोडवरील विणकराच्या घरी आजारी मुलीला न्यायला गेले. परक्या पुरुष डॉक्टरला मुलीला हात लावू देण्यास घरच्यांनी नकार दिला. जमाव जमला, दगडफेक झाली, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने गोळीबार झाला आणि दंगल आसपासच्या मोहल्ल्यांत पसरली. ग्रँट रोडवर दोन गोरे सैनिक मारले गेले. या उद्रेकानंतर सक्तीची तपासणी सरकारला हळूहळू सैल करावी लागली.

नोव्हेंबर १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या योजनांपैकी एक नागपाड्याची होती. ओलसर घरे पाडून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे हवा आणि उजेड खेळेल, असा हिशेब होता. रस्ते झाले, घरे पाडली गेली, पण पाडली तितकी नवी बांधली गेली नाहीत. ट्रस्टच्या चाळींचे भाडेही सगळ्यात गरीब भाडेकरूला पेलणारे नव्हते. उठवलेली कुटुंबे बोचकी घेऊन शेजारच्या, आधीच भरलेल्या गल्ल्यांत शिरली आणि तिथल्या खोल्यांत आणखी माणसे झोपू लागली.