इस्त्रीच्या कुळातला हीटर

कडाक्याच्या थंडीत गाडीचं इंजिन रात्रभर उबदार ठेवणारा हीटर मोटार कारखान्यांनी जन्माला घातला असं सर्रास धरलं जातं. पुरावा वेगळं सांगतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचे अँड्र्यू फ्रीमन यांनी भंगारातली तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीचं एलिमेंट घेऊन तो घडवला. ८ नोव्हेंबर १९४९ रोजी पेटंट मिळालं. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढायचा, त्या जागी आतून तापणारा पोकळ बोल्ट आवळायचा आणि वायर घरच्या सॉकेटला लावायची. फ्रीमन गाड्या बनवणारे नव्हते, ते ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. १९३५ नंतर सरकारी योजनेतून तिथल्या खेड्यांत तारा पोचल्या, पण रात्री शेतकरी झोपला की वीज वापरणार कोण? थंडी तर त्याआधीही होतीच. नव्हती ती तार. म्हणून हा हीटर मी विजेच्या घराण्यात घालतो.

याला प्रतिदावा आहे. १९२१ च्या लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरचा हॉट-बल्ब ब्लोलॅम्पने तापवावा लागे, तोच खरा पूर्वज, असं कुणी म्हणेल. पण तिथली उष्णता इंधन पेटवण्यासाठी होती, भर उन्हाळ्यातही लागे. फ्रीमन यांच्या हीटरचं काम निराळं: घट्ट झालेलं ऑइल पातळ ठेवणं. उणे १८ अंशांवर लेड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच सेल्फला सर्वात जास्त जोर लागतो. शिवाय उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटू शकते. पूर्ण चार्ज असलेली उणे ५० लाही टिकते. त्यामुळे हीटरच्या शेजारी चार्जर येऊन बसला, त्याच सॉकेटवर.

या हीटरच्या गोष्टीत मुंबईतलं रिफायनऱ्यांचं माहुलही येतं. इथे थंडी नाही, हे खरं. पण थंडीतल्या डिझेल गाडीचा दुसरा शत्रू म्हणजे इंधनातलं थिजणारं मेण, आणि माहुलच्या रिफायनऱ्यांची त्याच्याशी जुनी ओळख आहे. १९५४-५५ मध्ये त्या सुरू झाल्या. पुढे बॉम्बे हायचं कच्चं तेल उरणमार्गे इथे येऊ लागलं. ते मेणाळ तेल साधारण ३० अंशांवरच थिजू लागतं, म्हणजे मुंबईच्या हिवाळी रात्रीही. डिझेलचं तसंच. भारतीय मानकात थिजण्याची कमाल मर्यादा हिवाळ्यात ३ अंश, उन्हाळ्यात १५. लडाखचे ट्रकवाले म्हणूनच डिझेलमध्ये रॉकेल मिसळत आणि टाकीखाली जाळ करत. तिथे फ्रीमन यांचा बोल्ट अपुरा पडतो: तो ब्लॉक तापवतो, टाकीतलं आणि फिल्टरमधलं मेण तसंच राहतं. त्यावरचा उपाय रिफायनरीतूनच यायला हवा होता आणि आला: नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या रिफायनरीचं उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल लडाखला मिळू लागलं.

लेह राष्ट्रीय ग्रिडला जोडलं गेलं तेही २०१९ मध्येच, फेब्रुवारीत. तार आधी आली असती तर इंधन बदलावंच लागलं नसतं, हा आक्षेप टिकत नाही, कारण मेण ब्लॉकमध्ये नसतं. पण ऑइल आणि बॅटरी यांना तारेचीच गरज आहे. लडाखमध्ये गाडी रात्रभर उघड्यावर ठेवणाऱ्याने आधी टाकीत कोणतं डिझेल आहे ते पाहावं, हीटर आणि चार्जर त्यानंतर बसवावेत.