बातमीतला 'आपण' कोण? १९५७ची निवडणूक, 'मराठा' आणि 'मार्मिक'

१ मे हा आमच्याकडे झेंडावंदनाचा आणि निकालाचा दिवस. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी मी मुलांसमोर संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी वाचत होतो. सीताराम बनाजी पवार, जोसेफ डेव्हिड पेजारकर, चिमणलाल शेठ, के. जे. झेवियर, वेदीसिंग... महमद अली हे नाव आले आणि मागच्या रांगेतला एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, आपला पण होता?" पुढे सय्यद कासम हे नाव आले तेव्हा त्याने नुसते माझ्याकडे पाहिले.

त्याच्या प्रश्नातला 'आपला' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. एका मराठी चळवळीत एक मराठी शहरवासी मेला, यात त्याला नवल वाटले. हे नवल त्याला कुणी शिकवले? आम्ही शाळेत तर शिकवले नव्हते. टीव्हीवर, मोबाइलवर, वर्तमानपत्रात रोज जो 'आपण' आणि जो 'ते' दिसतो, तिथून ते आले होते.

वर्तमानपत्रे मतदाराचे मत कसे घडवतात, या प्रश्नाचे उत्तर मला याच चळवळीच्या इतिहासात सापडते. म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

डिसेंबर १९५३मध्ये केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्यायमूर्ती फजल अली अध्यक्ष होते. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर सदस्य. १९५५च्या अहवालात आयोगाने भाषावार राज्यांचे तत्त्व इतरत्र बऱ्याच अंशी मानले, पण महाराष्ट्र आणि गुजरातसाठी एकच द्विभाषिक मुंबई राज्य आणि विदर्भासाठी वेगळे राज्य सुचवले. असंतोष पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंडित नेहरूंनी केली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. सी. डी. देशमुखांनी याच प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. ६ फेब्रुवारी १९५६ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ला मोठे द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले, आणि चारच महिन्यांत, १९५७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, सार्वत्रिक निवडणूक होती.

त्या काळची मुंबई वाचनाच्या बाबतीत एक शहर नव्हतीच. इंग्रजी वाचणारा एक पेपर घेई, गुजराती वाचणारा 'मुंबई समाचार', उर्दू वाचणारा 'इन्किलाब', मराठी गिरणी कामगार आणखी वेगळा. चहाच्या एकाच टपरीवर चार लिपी असत. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये असे मानणाऱ्या उद्योगपतींचा आवाज सरकारदरबारी मोठा होता. बॉम्बे सिटिझन्स कमिटीत पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि जे. आर. डी. टाटा यांच्यासारखी माणसे होती. वर्तमानपत्र चालवायला भांडवल लागते आणि भांडवल कुणाकडे होते हे सांगायला नको. चळवळीकडे माणसे होती, पण रोज सकाळी घरात शिरणारा कागद हवा होता.

तो कागद आचार्य अत्र्यांनी काढला. १५ नोव्हेंबर १९५६ला 'मराठा' दैनिक सुरू झाले. त्यांचे 'नवयुग' साप्ताहिक आधीपासून होते. अत्रे मुळात शिक्षक. पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक, 'नवयुग वाचनमाले'चे संपादक. मुलाला समजेल अशी मराठी लिहिण्याचा सराव त्यांना होता आणि तीच मराठी त्यांनी राजकारणात आणली. मथळे असे की ओट्यावर बसलेल्याला दुरून वाचता यावेत. विनोद असा की विरोधकालाही हसू यावे. शिव्याही भरपूर. मोरारजी देसाईंसाठी वापरलेली काही विशेषणे आज वाचताना मला संकोच वाटतो, आणि ही गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आता एक साधा हिशेब पाहा. १९५१च्या जनगणनेत देशातले साक्षर शंभरातले अठरा. मग दैनिकाचा मतदारावर परिणाम होणार किती? उत्तर असे की त्या काळी पेपर एकजण वाचत नसे. चाळीत, न्हाव्याच्या दुकानात, गिरणीच्या फाटकाबाहेर एकजण मोठ्याने वाची आणि दहाजण ऐकत. जिथे कागद पोचत नसे तिथे शाहीर पोचे. अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक १९४४पासून लोकांना माहीत होते.

अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. आईच्या, मुनेरबींच्या, तोंडच्या ओव्यांवर वाढलेला गरीब घरातला मुलगा. मैदानावर लाखाच्या सभेला त्यांचा डफ आणि आवाज पुरत असे. सकाळी 'मराठा'ने जे छापले ते संध्याकाळी डफावर ऐकू येई. महाराष्ट्र कुणाचा, हे एक शेख आडनावाचा माणूस मराठीत गाऊन सांगत होता आणि समोरच्या गर्दीतला कुणीही त्याला 'तू कोण सांगणारा?' असे विचारत नव्हता. माझ्या मते त्या चळवळीची सर्वात मोठी कमाई ही आहे.

निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे बुरूज ढासळले होते. १९५२ला जुन्या मुंबई राज्यात ३१५पैकी २६९ जागा जिंकणारा पक्ष आता ३९६पैकी २३४वर आला. समितीचे शंभरावर उमेदवार निवडून आले. मुंबईतून डांगे प्रचंड मतांनी लोकसभेत गेले, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील गेले, पुण्यातून नानासाहेब गोरे. अत्रे स्वतः विधानसभेत पोचले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडला जेमतेम तरले.

हे सगळे 'मराठा'मुळे झाले असे म्हणायचा मोह होतो. पण तारखा तसे म्हणू देत नाहीत. गोळीबार १९५५च्या नोव्हेंबरात आणि १९५६च्या जानेवारीत झाले. 'मराठा' त्यानंतर निघाला. राग आधीच होता. पेपरने तो निर्माण केला नाही. मग त्याने केले काय?

मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, त्याने आठवण जिवंत ठेवली. मतदार विसरतो, आणि सत्ताधाऱ्यांचा भरवसा त्याच्या विसरण्यावरच असतो. रोजच्या अंकाने फ्लोरा फाउंटन मतपेटीपर्यंत आणले. दुसरी, त्याने मत कुठे टाकायचे ते सांगितले. समितीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी. शेकापच्या माणसाने फेडरेशनच्या उमेदवाराला मत द्यायचे तर त्याला रोज कुणीतरी समजावायला हवे. तिसरी, त्याने वाचकाला धीर दिला. आपल्यासारखा विचार करणारे हजारो आहेत, हे छापून आलेले दिसले की घाबरणारा माणूसही मत द्यायला निघतो.

उलट बाजूही आहे. काँग्रेसची सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जागांवर. विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी होती, नागपूरने नुकताच राजधानीचा मान गमावला होता. मुंबईत छापलेला राग तिथे जसाच्या तसा चालला नाही. म्हणजे बातमीचे बी जमीन पाहून रुजते. जिथे अनुभव नाही तिथे मथळा कितीही मोठा असो, मत हलत नाही.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी १३ ऑगस्टला 'मार्मिक' साप्ताहिक निघाले. प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. संपादक बाळ ठाकरे आधी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार होते. वडील प्रबोधनकार समितीच्या लढ्यातले आघाडीचे सेनानी. वाचक तोच, चाळीतला मराठी माणूस. भाषाही तीच, ठसकेबाज आणि हसवणारी. पण आता राज्य मिळाले होते आणि नोकरी मिळत नव्हती. 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांची नावे छापून येऊ लागली. बहुतेक नावे दाक्षिणात्य. नावे खरी होती, नोकरीची अडचणही खरी होती. पण नुसती यादी छापली की वाचकाच्या मनात कारण आपोआप तयार होते. भरती कोण करतो, कारखाने किती वाढले, शिक्षण कुणाला मिळाले, हे प्रश्न यादीत मावत नाहीत. पुढे मथळा 'वाचा आणि उठा' झाला आणि १९ जून १९६६ला शिवसेना स्थापन झाली.

१९६७ला ईशान्य मुंबईतून कृष्ण मेनन अपक्ष उभे राहिले. मुंबईने त्यांना दोनदा लोकसभेवर पाठवले होते. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, पानशेतच्या पुरानंतर पुण्यात केलेल्या कामामुळे नावाजलेले. शिवसेना बर्व्यांच्या बाजूने उतरली आणि मेनन 'बाहेरचे' ठरले. मेनन हरले. यात चीन युद्धाची जखम होती, काँग्रेसचे तिकीट नसणेही होते. सगळे श्रेय किंवा दोष एका साप्ताहिकाला देणे चूक ठरेल. पण दहा वर्षांपूर्वी ज्या मेननना कुणी केरळचे म्हणून मोजले नव्हते, ते आता तसे मोजले गेले. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत मंगळुरूहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांसारख्या बलाढ्य मराठी नेत्याला पाडले. मतदार म्हणजे कुणाच्या हातातली बाहुली नव्हे, हेही त्याच शहराने त्याच वर्षी दाखवून दिले.

पुढचे आपल्याला माहीत आहे. 'बाहेरचा' ही जागा एकदा तयार झाली की तिथे बसवायला माणसे बदलता येतात. आधी मद्रासी, मग आम्ही. २३ जानेवारी १९८८ला 'सामना' सुरू झाला. १९९२-९३च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाला आपल्या अहवालात वर्तमानपत्री लेखनाचीही दखल घ्यावी लागली.

म्हणून मघाशी अत्र्यांच्या शिव्यांचा उल्लेख केला. १९५६ला त्या शिव्या सत्तेवर बसलेल्या माणसाला होत्या, तरी जानेवारीच्या दंगलीत दगड मात्र गुजराती दुकानदाराच्या काचेवर पडले. आपल्या बाजूची शिवी ऐकताना आपण खूश असतो. ती भाषा रुळते, आणि एक दिवस दुसरा कुणीतरी ती उचलतो. अत्रे १३ जून १९६९ला गेले, त्यानंतर अडीच महिन्यांत अमर शेख अपघातात गेले. त्यांच्याबरोबर तो मोठा 'आपण'ही बराचसा गेला.

आता थोडे आपल्या घरातले. आम्ही मुसलमान वाचक या खेळात फक्त पीडित आहोत असे मला वाटत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री 'कौम'च्या नावाने फिरणारे मेसेज आम्हीच पुढे ढकलतो. वॉर्डातले पाणी, गटार, शाळा, रेशन बाजूला राहते आणि कुणाला पाडायचे एवढीच चर्चा उरते. चॅनलवाले आम्हाला 'मुस्लिम व्होट' नावाची एक गाठोडी समजतात म्हणून आम्ही चिडतो, आणि आमचे काही अखबारही आम्हाला तीच गाठोडी समजून आवाहन करतात. बार्शीच्या मेहबूब पटेलांनी असे एका गाठोडीत बसायला नकार दिला होता. त्यासाठी त्यांना आपले शेखपण सोडावे लागले नाही.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी वर्गात एक गोष्ट सुरू केली. आठवड्यातून एकदा एकाच दिवसाचे एक मराठी आणि एक उर्दू वर्तमानपत्र शेजारी ठेवतो. मुले एकच बातमी दोन्हींत शोधतात. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. यात 'आपण' कोण आहे? 'ते' कोण आहे? आणि कुणाला काही विचारलेलेच नाही? तिसऱ्या प्रश्नाला मुले सर्वात जास्त वेळ घेतात.

मागच्या रांगेतला तो मुलगा आता मतदार आहे. 'आपला पण होता' या वाक्यातला 'पण' त्याच्या बोलण्यातून गळावा, एवढीच माझी इच्छा.