रुपयामागे एक आणा

सांगली-मिरजेलगतच्या कुपवाडात औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कामगाराला ‘फंड म्हणजे काय?’ असे विचारले, तर तो चटकन म्हणेल, ‘पगारातनं कापतात ते!’ या कापणीचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

१९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. आरंभी तो कापड, सिमेंट, पोलाद, इंजिनिअरिंग, कागद आणि सिगारेट या सहाच उद्योगांना लागू होता. कामगाराचा वाटा सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा, मालकाचाही तेवढाच. हा पैसा तिजोरीत पडून राहिला नाही. तो सरकारी कर्जरोख्यांत गुंतवला गेला. ज्याला स्वतःला कर्ज मिळणे मुश्कील, तो मजूर असा देशाला कर्ज देणारा झाला!

१९९५ साली पेन्शन योजना आली. मालकाच्या वाट्यातून, ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराचे ८.३३ टक्के तिकडे जाऊ लागले. मात्र दरमहा पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. कारखाना बदलताना पेन्शनची रक्कम काढून घेतली, की मागची वर्षे गेलीच. बियाणेच दळून खाल्ले, तर पेरायचे काय? म्हणून गुरुजी, शिक्षण संपवून कामाला निघालेल्या मुलांना एवढे जरूर सांगा : कारखाना बदला, पण खाते मोडू नका, ते बरोबर न्या.