गडाची वाट

किनवटहून माहूर फार दूर नाही. सागवानाच्या रानातून जाणारी एस.टी. दोन तासांच्या आत यात्रेकरूला तेथे पोहोचवते. १९५६ पर्यंत हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. रान दाट, रस्ते विरळ. रेणुकेच्या दर्शनाला निघालेले कुटुंब बैलगाडीत शिधा बांधून घेई, वाटेत मुक्काम करी. विदर्भाकडून येणारे पैनगंगा ओलांडीत. यात्रा घरच्या उंबरठ्यावर सुरू होई आणि दर्शन हा तिचा एक क्षण असे.

माहूरचे जुने नाव मातापूर. परशुरामाने पित्याचे अंत्यविधी येथे केले आणि मातेच्या विरहाने व्याकूळ झालेल्या त्या पुत्राला रेणुकेचे मुख भूमीतून प्रकट झालेले दिसले, अशी श्रद्धा आहे. म्हणून गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदूरचर्चित मुखवटाच आहे. रेणुका, अनसूया आणि दत्त अशी तीन शिखरे, त्यांच्या शेजारी किल्ला, महानुभावांचे देवदेवेश्वरी मंदिर आणि खडकात कोरलेली पांडवलेणी. एवढा इतिहास एका डोंगररांगेत सामावलेला आहे. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापुरी भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहूरला येतात, असे भाविक मानतात. एका दिवसात एवढा प्रवास देवालाच शोभे. आता यात्रेकरूही एका सुटीत साडेतीन पीठे उरकू लागले आहेत!

कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धे पीठ मानलेली वणी यांचे दर्शन एकाच सहलीत घडविणाऱ्या बसगाड्या निघतात. वणीच्या गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग शासनाने जाहीर केला. ज्यांच्या जमिनी त्यात जायच्या, त्या शेतकऱ्यांनी, विशेषतः कोल्हापूरकडे, त्याला तीव्र विरोध केला. देवीला जाण्याची वाट कुणाच्या तरी शेतातूनच जाते, हे आपण सहज विसरतो.

धर्मगुरूने देवीच्या गडाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करण्यास आपणांस शिकविले, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी होते. पूर्वी भाविक त्यांच्या पायांचे चुंबन घेत. पुढे काचेची पेटी आली, आणि ती आवश्यकही होती. २०२४-२५ च्या दर्शनसोहळ्यातही प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षणच आले. तरी बेळगाव-सिंधुदुर्गाकडून पायी आलेला भाविक आणि समुद्रकिनाऱ्यावरून दुपारपुरता आलेला पर्यटक एकाच रांगेत उभे असले, तरी दोघांचे येणे एक नव्हते.

स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ अशी पंधरा आरोहणाची स्तोत्रे आहेत. यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती गात, असे मानले जाते. पोहोचल्यावर गाण्याची स्तोत्रे वेगळी. ही वाटेवरची आहेत. चढच नाहीसा झाला तर ती कोठे गावीत?

मात्र रस्त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. माहूरच्या पायऱ्यांवर माझे गुडघेही कुरकुरतात. ज्या म्हातारीला जन्मभर गड दुरूनच पाहावा लागला, तिला एस.टी.च्या सवलतीने वर नेले, ही लहान गोष्ट नव्हे. माझी तक्रार वाहनाविषयी नाही, घाईविषयी आहे. पानाचा कुटलेला तांबूल हा माहूरचा प्रसाद. तो तोंडात घोळवावा लागतो. मी पाहिलेल्या एका सहलीतील मंडळी तो पिशवीत टाकून बसकडे धावत होती, कारण चालकाने भोंगा वाजविला होता.

त्याच दुपारी मी पांडवलेण्यांकडे गेलो. तेथे रांग नव्हती, दुकान नव्हते. एक गुराखी खांबाला टेकून सावलीत बसला होता. त्याने सरकून मला जागा दिली, आणि परतीची एस.टी. सुटायच्या वेळेपर्यंत आम्ही दोघे तेथे बसून राहिलो.