पंच्याऐंशी-पंधराचा नियम आणि सैनिकाचे पैसे

अमेरिकेतल्या नफेखोर कॉलेजांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘बघा, खासगीकरणाने कशी वाट लागते.’ दुसरी, ‘सरकारने पैसे वाटले म्हणून वाट लागली.’ मला दोन्ही अर्धवट वाटतात. तिथला हा वाद गेली सत्तर वर्षं एका साध्या नियमाभोवती फिरतोय. तो नियम कुठून आला आणि त्याला भोक कुठे पडलं, एवढंच आज सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक खुलासा. आपल्याकडे कॉलेज ट्रस्टच्या किंवा सोसायटीच्या नावावर असतं आणि शिक्षणातून नफेखोरी करता येत नाही असं कायदा म्हणतो. (प्रत्यक्षात काय चालतं ते मी तुम्हाला सांगायला नको.) अमेरिकेत मात्र उघडपणे नफ्यासाठी कॉलेज काढता येतं, त्याचे शेअरही बाजारात विकता येतात. मेडिकल असिस्टंट, वेल्डिंग, एसी दुरुस्ती, अकाउंट्स असले पोटापाण्याचे कोर्स शिकवणारी ही कॉलेजं. तिकडे त्यांना ‘करिअर कॉलेज’ म्हणतात.

आता १९४४ साली चला. २२ जूनला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जीआय बिलावर सही केली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकार करणार, वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी थेट शाळेला देणार. या कायद्याचं कौतुक आपण खूप ऐकलेलं असतं, आणि ते योग्यही आहे. सुमारे ७८ लाख सैनिकांनी त्याचा फायदा घेतला. पण त्यातले कॉलेजात गेले ते साधारण २२ लाख. ३५ लाखांच्या आसपास गेले इतर शाळांत, आणि त्यांत हुन्नर शिकवणाऱ्या खासगी शाळांचा भरणा मोठा होता. सरकारी पैसा येतोय म्हटल्यावर अशा शाळा हजारोंनी उगवल्या. हजेरीपटावर खोटी नावं, अवजारांची फुगवलेली बिलं, थोडक्यात संपणारा कोर्स ताणून ताणून लांबवलेला. सगळं ओळखीचं वाटतंय ना?

टेक्ससचे खासदार ऑलिन टीग यांच्या समितीने याची चौकशी केली. टीग स्वतः दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले, त्यामुळे सैनिकांच्या विरोधात बोलतात असं त्यांना कोणी म्हणू शकत नव्हतं. त्यानंतर १९५२ साली कोरियाच्या युद्धातल्या सैनिकांसाठी नवा कायदा झाला. त्यात दोन बदल होते. पैसे शाळेला न देता दरमहा सैनिकाच्या हातात द्यायचे, म्हणजे तो चार ठिकाणी चौकशी करून फी भरेल. आणि नफ्यावर चालणाऱ्या शाळेच्या पदवी नसलेल्या कोर्समध्ये सरकारी पैशावर शिकणारे सैनिक शंभरात ८५ पेक्षा जास्त नकोत.

हा दुसरा नियम मला फार आवडतो. समजा एका खानावळीत सगळे जेवणारे कंपनीच्या कुपनवर जेवतायत, रोख पैसे मोजून जेवणारा एकही नाही. तिथली आमटी कशी असेल? वरणाची चव सरकारी निरीक्षकाला कळो न कळो, स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्याला कळते. शंभरातल्या पंधरा जणांना तरी हा कोर्स स्वतःच्या पैशाने घ्यावासा वाटला पाहिजे, एवढीच अट. एका बिझनेस कॉलेजने पुढे या नियमाला कोर्टात आव्हान दिलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला.

पण हे सगळं सैनिकांच्या पैशापुरतं. सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठीचा उच्च शिक्षण कायदा आला १९६५ साली, आणि १९७२ च्या दुरुस्तीने त्यातल्या अनुदानाची आणि कर्जाची दारं नफ्याच्या कॉलेजांनाही उघडली. तेव्हा टीग यांच्या समितीची आठवण फारशी कोणाला झालेली दिसत नाही. ऐंशीच्या दशकात त्याची फळं आली. बेकारी भत्त्याच्या रांगेतून माणसं उचलून आणायची, कर्जाच्या फॉर्मवर सह्या घ्यायच्या, विषय संपला. १९९० साली परतफेड सुरू झालेल्या दर शंभर कर्जदारांमागे २२ जण दोन वर्षांच्या आत थकबाकीदार झाले. सिनेटर सॅम नन यांच्या समितीने सुनावण्या घेतल्या आणि १९९२ साली जुना नियम नव्या रूपात परत आला. आता डोकी मोजायची नाहीत, उत्पन्न मोजायचं. शिक्षण खात्याच्या अनुदान-कर्जांतून येणारा पैसा उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांवर जाता कामा नये. शिवाय प्रवेश आणून देणाऱ्यांना नगामागे कमिशन द्यायचं नाही.

१९९८ साली ८५ चे ९० झाले. कमिशनच्या बंदीला २००२ साली पळवाटा मिळाल्या. निम्म्याहून जास्त शिक्षण ऑनलाइन असलेल्या कॉलेजांना सरकारी मदत नाही, ही अट २००६ साली गेली. हे एकाच पक्षाचं पाप नाही. कॉलेजांचे वकील दोन्हीकडे बसलेले होते.

आता भोक कुठे होतं ते पाहा. नियमात मोजायचा तो फक्त शिक्षण खात्याचा पैसा. सैनिकांचा पैसा येतो दुसऱ्या खात्यांतून. म्हणजे तोही सरकारीच, पण हिशेबात ‘स्वतःच्या खिशातल्या’ दहा टक्क्यांत धरला जायचा. अर्थ असा की सैनिकाच्या नावाने एक डॉलर आणला की कॉलेजला शिक्षण खात्याचे आणखी नऊ घेता येत. २००९ मध्ये इराक-अफगाणिस्तानच्या सैनिकांसाठी नवं, भरघोस जीआय बिल लागू झालं आणि हे सैनिक कॉलेजांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं गिऱ्हाईक ठरले. सैनिकांना लुटलं जाऊ नये म्हणून जन्मलेला नियम, त्यानेच सैनिकांच्या मागे दलाल लावले. एका मार्केटिंग कंपनीने तर ‘जीआयबिल डॉट कॉम’ नावाची वेबसाइट काढली होती, दिसायला अगदी सरकारी वाटेल अशी. २० राज्यांच्या महाधिवक्त्यांनी २०१२ साली ती बंद पाडली.

त्याच वर्षी सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीचा अहवाल आला. ३० कंपन्यांचा हिशेब मांडला होता. उत्पन्नातले २२ टक्क्यांहून जास्त जाहिरात आणि प्रवेशभरतीवर, १९.४ टक्के नफा, आणि शिकवण्यावर १७ टक्क्यांहून थोडे जास्त. प्रवेश आणणारी माणसं ३५,२०२, नोकरी लावून देण्यासाठी मदत करणारी ३,५१२. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला तरी आणखी पुरावा लागत नाही.

कॉलेजांचीही बाजू आहे, ती पूर्ण खोटी नाही. ते म्हणत, आमच्याकडे येतात ते गरीब, दिवसभर राबणारे, एकट्याने मुलं वाढवणाऱ्या बाया. चांगली कॉलेजं त्यांना विचारत नाहीत. आम्ही संध्याकाळचे वर्ग घेतो, लगेच प्रवेश देतो. कर्ज थकतं ते गरिबीमुळे. यात तथ्य आहे. पण मग अशाच विद्यार्थ्यांना घेणाऱ्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांची फी त्यांच्या फीचा एक लहानसा हिस्सा कशी, याचं उत्तर मिळत नाही.

ओबामा सरकारने वेगळी परीक्षा आणली. कोर्स करून निघालेल्यांचा कर्जाचा हप्ता कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत बसतो का? पहिली नियमावली कोर्टात अडकली, दुसरी २०१५ पासून लागू झाली, ट्रम्प सरकारने २०१९ साली ती रद्द केली, बायडन सरकारने २०२३ साली पुन्हा आणली. दरम्यान कोरिंथियन ही बडी कंपनी २०१५ मध्ये बुडाली, पुढच्या वर्षी आयटीटी टेकने सगळे कॅम्पस एकदम बंद केले. या दोघांनाही मान्यता देणारी संस्था, म्हणजे आपल्या नॅकसारखी, एकच होती आणि ती कॉलेजांनी भरलेल्या फीवर चालायची.

भोक बुजलं मार्च २०२१ मध्ये. सरकारचा कुठल्याही खात्याचा पैसा असो, तो नव्वदातच मोजायचा, असा कायदा झाला आणि २०२३ पासून तो लागू झाला. कोरिंथियनच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज सरकारने २०२२ साली माफ केलं. कंपनी कधीच दिवाळखोरीत गेलेली, त्यामुळे हा भार करदात्यावर.

सैनिकांचा प्रश्न मात्र कर्जाचा नव्हताच. त्यांना मिळतात ३६ महिन्यांचं शिक्षण, आयुष्यात एकदा. ते महिने खर्ची पडले होते. १९४४ च्या कायद्याचा मसुदा लिहिणारे हॅरी कोल्मरी यांच्या नावाने २०१७ साली कायदा झाला आणि कॉलेज बंद पडलेल्या सैनिकांना वाया गेलेले महिने परत मिळाले. ज्यांनी त्याच कॉलेजातून, ते चालू असताना, कोर्स पूर्ण केला आणि ज्यांच्या हाती कोणी न विचारणारं प्रमाणपत्र आलं, त्यांना त्या कायद्यात काही नव्हतं.